खर्डा आधी, खाडाखोड नंतर

मे महिन्यातली सकाळ होती. साडेसातलाच ऊन डोळ्यांवर यायला लागलं होतं. एम.ए.ला असलेली एक मुलगी लॅपटॉप घेऊन माझ्याकडे आली. काटोलजवळच्या गावात तिच्या आजोबांची संत्र्याची बाग होती आणि तिला त्या बागेवर लेख लिहायचा होता. तीन आठवडे ती लिहीत होती. फाइल उघडली तर आत अकरा ओळी. ओळी नीटनेटक्या होत्या, एक काना-मात्रा चुकलेली नव्हती.

“मॅडम, या अकरा ओळी मी किती वेळा लिहिल्या असतील ते मलाच सांगता येणार नाही. वाक्य लिहिते, वाचते, आवडत नाही, खोडते. पुन्हा लिहिते. आजोबा अजून घरातून निघालेच नाहीत.”

मी लॅपटॉप मिटायला लावला आणि म्हटलं, “बरं, तोंडी सांग. काय होतं त्या बागेत?”

वीस मिनिटं ती थांबली नाही. हिवाळ्यात झाडांचं पाणी कसं तोडायचे, विहीर आटली त्या वर्षी घरात कुणी कुणाशी धड बोलत नव्हतं, फुलं आली की वास अंगणापर्यंत कसा यायचा, व्यापारी बाग बघायला आला की आजी चहात साखर जास्त का टाकायची. सांगण्यासारखं तिच्याकडे भरपूर होतं. भाषाही होती. तरी कागदावर अकराच ओळी. सांगताना जे घोडं धावतं ते लिहिताना का अडतं, हा प्रश्न मला गेली अनेक वर्षं पडत आला आहे, कारण नागपुरात माझ्याकडे मसुदे घेऊन येणाऱ्या बहुतेकांचं दुखणं हेच असतं. पीएच.डी.चा प्रबंध असो, दिवाळी अंकाची कथा असो, नाहीतर निवृत्तीनंतर लिहायला घेतलेल्या आठवणी.

ओटा लहान असतो

१९८१ साली लिंडा फ्लॉवर आणि जॉन हेज या दोन अमेरिकी संशोधकांनी लिहिण्याची क्रिया उलगडून दाखवली. त्यांची पद्धत साधी होती. लोकांना लिहायला बसवायचं आणि लिहिताना मनात जे जे येईल ते मोठ्याने बोलायला सांगायचं. त्या बोलण्यातून त्यांना तीन कामं वेगळी दिसली. काय सांगायचं ते ठरवणं, ठरलेलं शब्दांत उतरवणं आणि उतरलेलं तपासणं. यातली महत्त्वाची गोष्ट पुढे आहे. ही तीन कामं एकामागून एक, रांगेत होत नाहीत. तपासणारा कुठल्याही क्षणी मध्ये घुसू शकतो, अर्ध्या वाक्यातसुद्धा.

घुसला तर बिघडतं काय? इथे डोक्याची एक मर्यादा आड येते. आत्ता, या क्षणी हाताळत असलेल्या गोष्टी मेंदू जिथे धरून ठेवतो तिला कार्यस्मृती म्हणतात. जॉर्ज मिलर यांनी १९५६ मध्ये तिची क्षमता सात गोष्टींच्या आसपास, दोन इकडे दोन तिकडे, अशी मांडली होती. पुढे २००१ मध्ये नेल्सन कोवन यांनी तो आकडा आणखी खाली, चारच्या आसपास आणला. आकडा कुठलाही धरा, जागा फार थोडी आहे.

स्वयंपाकघरातला लहान ओटा डोळ्यांसमोर आणा. पुरणपोळ्या चालल्या आहेत. एकीकडे पुरणाचं पातेलं, मध्ये पोळपाट, पलीकडे तापलेला तवा. जागा तेवढीच. आता कुणी सांगितलं की प्रत्येक पोळीनंतर सगळं खाली उतरवून ओटा घासायचा, कोरडा करायचा आणि मगच पुढची पोळी लाटायला घ्यायची, तर ओटा लखलखीत राहील, पण तवा जळेल, कणीक सुकेल आणि पंगत उपाशी बसेल. पहिल्या खर्ड्यात प्रत्येक वाक्य लिहून होताच तपासणारा माणूस नेमकं हेच करत असतो. वाक्य तपासायचं तर त्यासाठी ओट्यावर जागा लागते. ती जागा होण्यासाठी पुढचा विचार खाली उतरवावा लागतो आणि परत येऊन बघावं तर तो विचार तिथे नसतो. “आता काय लिहिणार होते बरं?” असं म्हणत आपण पडद्याकडे बघत बसतो. प्रतिभा आटलेली नसते. ओट्यावर जागा उरलेली नसते, एवढंच.

दुसरी एक गोष्ट मला याहून जास्त दिलासा देणारी वाटते. मनातल्या मनात आपण जे बोलतो, त्याबद्दल रशियन मानसशास्त्रज्ञ लेव व्हायगॉत्स्की यांनी फार बारकाईने लिहिलं आहे. मनातलं बोलणं अर्धंमुर्धं असतं, असं त्यांचं निरीक्षण. त्यात कर्ता गळलेला असतो, संदर्भ सांगावा लागत नाही, एकेका शब्दात आख्खा प्रसंग मुरलेला असतो. त्या मुलीच्या मनात ‘विहीर’ एवढाच शब्द उमटला, तरी त्याबरोबर आजोबांचा उतरलेला चेहरा, मोटारीचा कोरडा आवाज आणि त्या उन्हाळ्यातलं घरातलं मौन, सगळं येतं. कागदावर ‘विहीर’ लिहिलं की फक्त विहीरच उरते. बाकीचं सगळं एकेक करून शब्दांत आणावं लागतं आणि ते पहिल्याच फटक्यात कुणालाही येत नाही. म्हणून लिहिलेलं पहिलं वाक्य मनातल्यापेक्षा फिकं दिसणारच. आपण तो फिकेपणा आपल्या लायकीचा पुरावा समजतो. खरं तर तो मनातल्या भाषेतून कागदावरच्या भाषेत येतानाचा प्रवासखर्च आहे आणि तो प्रत्येकाला भरावा लागतो.

आवाज कुणाचा आहे?

मनातला परीक्षक काय बोलतो, ते नीट ऐकावं. माझा अनुभव असा की तो क्वचितच लेखाबद्दल बोलतो. तो नियमांबद्दल बोलतो.

माइक रोझ यांनी १९८० मध्ये अमेरिकेतल्या दहा विद्यार्थ्यांचा अभ्यास केला होता. त्यातले पाच लिहिताना अडकणारे, पाच न अडकणारे. अडकणाऱ्यांकडे कौशल्य कमी नव्हतं. त्यांच्या डोक्यात नियम फार ताठ बसलेले होते. पहिला परिच्छेद वाचकाला खिळवणारा झाल्याशिवाय पुढे जायचं नाही, अशा जातीचे. न अडकणाऱ्यांकडेही नियम होते, पण लवचीक. जमलं तर ठीक, नाही जमलं तर दुसरी वाट. दहा जणांचा अभ्यास लहानच म्हणायचा. तरी रोझ यांनी दाखवलेलं चित्र मी माझ्याकडे येणाऱ्या मुलांत इतक्या वेळा पाहिलं आहे की मला ते पटतं.

मराठीत लिहिणाऱ्यांच्या बाबतीत हा परीक्षक बहुधा दोन वेशांत येतो. एक वेश ऱ्हस्व-दीर्घाचा. मराठी साहित्य महामंडळाने केलेले चौदा नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत चारांची भर पडली. एकूण अठरा. मला या नियमांबद्दल आदर आहे आणि छापायला जाणाऱ्या मजकुरात ते पाळले जावेत असं मी आग्रहाने सांगते. पण शाळेत वहीवर उमटलेल्या लाल शाईची भीती इतकी खोल गेलेली असते की ‘आणि’तला ‘णि’ पहिला की दुसरा, या विचारात माणूस वाक्याचा उत्तरार्ध विसरतो. अठरा नियम शेवटच्या हातासाठी आहेत. पहिल्या हाताला त्यांची गरज नाही.

दुसरा वेश जास्त दुखावणारा आहे आणि आपल्या विदर्भातल्या लिहिणाऱ्यांना तो विशेष भेटतो. या मुलीच्या अकरा ओळींत सगळीकडे ‘बाग’ होती. तोंडी सांगताना मात्र ती एकदाही ‘बाग’ म्हणाली नाही. ती ‘बगीचा’ म्हणत होती. काटोल-नरखेडकडे संत्र्याचा बगीचाच असतो. बोलताना ती ‘ओलीत’ म्हणत होती, लिहिताना तिने ‘सिंचन’ केलं. आजी म्हणायची, “झाडाले उपाशी ठेवून राह्यले.” लिहिताना ते वाक्यच गळालं, कारण ते ‘शुद्ध’ करून लिहिलं तर त्यातली आजी नाहीशी होत होती आणि तसंच लिहिलं तर अशुद्ध वाटत होतं. मग परीक्षकाने दोन्ही वाटा बंद केल्या आणि आजीच लेखाबाहेर गेली. घरची भाषा कमी प्रतीची आहे, हे कुणीतरी कधीतरी आपल्याला सांगितलेलं असतं. तो सांगणारा आता समोर नसतो, पण त्याचा आवाज आपण आपल्याच गळ्यात वागवत असतो. पहिल्या खर्ड्यात तरी तोंडातली भाषा येऊ द्यावी. प्रमाण भाषेत काय आणायचं, बोलीत काय ठेवायचं, हा निर्णय नंतर शांतपणे घेता येतो. जे कागदावर आलंच नाही त्याबद्दल कसलाच निर्णय घेता येत नाही.

मसुदा या शब्दाचा अर्थ

‘मसुदा’ म्हटलं की आपल्या नागपुरात कुणाचं नाव आठवतं ते सांगायला नको. ज्या शहरात दीक्षाभूमी आहे, ज्याच्या जवळ चिचोलीच्या शांतिवनात बाबासाहेबांच्या वापरातल्या वस्तू आणि त्यांचा टाइपरायटर जपून ठेवला आहे, तिथे मसुदा समितीचे अध्यक्ष कोण होते हे लहान पोरही सांगेल. पण त्या मसुद्याचं पुढे काय काय झालं, हे मी लिहिणाऱ्या प्रत्येकाला सांगते.

२५ नोव्हेंबर १९४९ च्या संविधान सभेतल्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी स्वतःच हिशेब मांडला होता. संविधान सभेचे सल्लागार बेनेगल नरसिंह राव यांच्या पहिल्या मसुद्यात २४३ कलमं आणि १३ परिशिष्टं होती. मसुदा समितीने फेब्रुवारी १९४८ मध्ये सादर केलेल्या मसुद्यात ३१५ कलमं आणि ८ परिशिष्टं झाली. अंतिम संविधानात ३९५ कलमं आणि ८ परिशिष्टं. मधल्या काळात सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या आणि त्यांतल्या २,४७३ सभागृहात प्रत्यक्ष मांडल्या गेल्या.

हे आकडे पुन्हा वाचून पाहा. देशातली नामवंत कायदेपंडित मंडळी एका मजकुरावर बसली होती आणि त्या मजकुरावर साडेसात हजारांहून जास्त दुरुस्त्या आल्या. त्यावरून मसुदा वाईट होता असं ठरत नाही. दुरुस्त्या यायला समोर काहीतरी लिहिलेलं असावं लागतं. मसुदा त्यासाठीच असतो, लोकांनी त्यावर बोट ठेवून “हे असं नको, तसं हवं” म्हणावं म्हणून. राव यांचा मसुदा तयार नसता तर समितीला कशावरून सुरुवात करता आली असती? याच भाषणात बाबासाहेबांनी राव यांना आणि मुख्य मसुदाकार एस. एन. मुखर्जी यांना मोकळेपणाने श्रेय दिलं आहे. मला तो उतारा फार मोलाचा वाटतो.

आपल्याकडे ‘खर्डा’ हा शब्दही आहे आणि ‘खरडणं’ त्याचंच भावंड वाटतं. जुन्या काळी मुलं धूळपाटीवर अक्षरं गिरवत. हात फिरवला की अक्षर पुसलं जायचं, म्हणून चुकण्याची धास्ती नसायची. पहिल्या खर्ड्याला मी धूळपाटीच म्हणते.

प्रत्यक्ष बसल्यावर

मी त्या मुलीला सांगितलं की उद्या सकाळी सहाला बस, फक्त पंधरा मिनिटं. मोबाइलवर वेळ लाव आणि मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेव. हात थांबवायचा नाही. मागचं वाचायचं नाही. काही सुचलं नाही तर ‘सुचत नाही, सुचत नाही’ असं लिहीत राहायचं. ही रीत माझी नव्हे. पीटर एल्बो नावाच्या अमेरिकी प्राध्यापकांनी ती १९७३ पासून लोकप्रिय केली. ती पटकन लागू पडते त्याचं कारण वर आलंच आहे. हात थांबला नाही तर तपासणाऱ्याला मध्ये घुसायला फट मिळत नाही.

वेळेचं माप किती असावं यावर पुष्कळ बोललं जातं. फ्रान्सेस्को चिरिलो या इटालियन गृहस्थाने विद्यार्थी असताना, १९८० च्या दशकाच्या अखेरीस, टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावून पंचवीस मिनिटांचे तुकडे पाडले. ती पद्धत जगभर गेली. पंचवीसच्या आकड्यात जादू आहे असं मला वाटत नाही. ज्याला लिहिण्याचा धसका बसला आहे त्याला पंचवीस मिनिटंही डोंगरासारखी वाटतात. पंधराने सुरू करावं, दहाने करावं. घड्याळाचा खरा उपयोग असा की तोवर परीक्षकाला सांगता येतं, “तुझी पाळी यानंतर.”

मग अडतं ते माहितीच्या जागी. पाणी तोडून झाडांना ताण किती दिवसांचा द्यायचे? विहीर कोणत्या साली आटली? हे बघायला माणूस इंटरनेटवर जातो आणि परत येतो तेव्हा पाऊण तास गेलेला असतो. यावर मी सुचवलेला उपाय मराठी टायपिंगला फार सोयीचा आहे. जिथे अडेल तिथे ‘ळळळ’ असं लिहा आणि पुढे चला. मराठीत तीन ‘ळ’ सलग कुठल्याही शब्दात येत नाहीत. त्यामुळे नंतर फाइलमध्ये शोधलं की नेमक्या अपुऱ्या जागाच सापडतात. माहिती नसेल तिथे ळळळ, शब्द सुचत नसेल तिथेही ळळळ.

दुसऱ्या दिवशी तिने पाठवलेला मजकूर तिच्या परवानगीने जसाच्या तसा देते:

‘आजोबा पहाटे बगीच्यात. कंदील नाही बॅटरी. आंबिया बहार घ्यायचा म्हणजे थंडीत पाणी तोडायचं, त्याला ताण देणं म्हणतात, किती दिवस ळळळ काकाला विचारणे. पानं मलूल. आजी म्हणायची झाडाले उपाशी ठेवून राह्यले. तिला ते बघवत नव्हतं, ती त्या दिवसांत बगीच्याकडे जायचीच नाही. मग पहिलं ओलीत. मग फुलं. वास ळळळ. विहीर आटली ते साल ळळळ. तेव्हा आजोबा काहीतरी बोलले होते ते इथे. सुचत नाही सुचत नाही. व्यापाऱ्याचा चहा.’

परीक्षेत याला कुणी गुण देणार नाही. पण तीन आठवड्यांच्या अकरा ओळींत नसलेली एक बाई इथे आली आहे. झाडांची उपासमार न बघवणारी आणि म्हणून बगीच्याकडे न जाणारी. लेखाचा जीव तिथे आहे आणि तो पंधरा मिनिटांच्या खरडण्यात सापडला.

आणखी काही बारीकसारीक सोयी. शब्दांखाली येणाऱ्या लाल रेघा बंद करून ठेवा, त्या म्हणजे पडद्यावर बसलेला परीक्षकच. लेख पहिल्या वाक्यापासूनच सुरू केला पाहिजे असं कुठेही लिहिलेलं नाही. नमनाला घडाभर तेल ओतण्यापेक्षा जो प्रसंग डोळ्यांसमोर लख्ख आहे तिथून सुरुवात करा, चहापासून, विहिरीपासून. कीबोर्डसमोर हात आखडत असेल तर मोबाइलला तोंडी सांगा, आता मराठी बोलणं बऱ्यापैकी अक्षरांत उतरतं. निवृत्त झालेले एक काका रोज फिरायला जाताना असंच आठवणी सांगत जात. त्यांच्या खर्ड्यात विरामचिन्हं नव्हती आणि गोष्टी मात्र सगळ्या होत्या.

लक्ष टिकवण्याचा प्रश्न मी टीकेच्या प्रश्नापासून वेगळा मानत नाही. लिहिताना मोबाइल हातात जातो तो बहुतेक वेळा एखादं वाक्य आवडलं नाही की त्याच क्षणी. कंटाळ्यापेक्षा टोचणीतून सुटका हवी असते. आणि सुटका स्वस्तात मिळत नाही. सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवलं की एका कामावरून दुसऱ्यावर उडी मारली तरी लक्षाचा काही भाग आधीच्या कामाला चिकटून राहतो. दोन मिनिटं मेसेज बघून परत आलात तरी अर्धं मन त्या मेसेजमध्येच असतं. म्हणून फोन उपडा ठेवून भागत नाही, तो खोलीबाहेर गेलेला बरा.

मनात येणाऱ्या बाकीच्या खुटखुटीसाठी शेजारी एक वही ठेवावी. ‘गॅसचा नंबर लावायचा’, ‘दुसरा परिच्छेद बालिश आहे’, ‘हे कोण वाचणार’, जे येईल ते एका ओळीत लिहायचं आणि त्यापुढे कधी बघणार तेही लिहायचं. ‘रविवारी सकाळी’. दिवस लिहिणं महत्त्वाचं आहे. मासिकॅम्पो आणि बाउमायस्टर यांच्या २०११ च्या प्रयोगांत असं दिसलं की अपुरं राहिलेलं काम मनात सारखं डोकावतं, पण ते कधी आणि कसं करायचं एवढं जरी ठरवलं तरी ते डोकावणं कमी होतं. काम पूर्ण करावं लागत नाही. परीक्षकालाही तारीख दिली की तो बऱ्यापैकी गप्प बसतो.

पीटर गोल्विट्झर यांचं १९९९ मधलं मांडणं याच्या जोडीला घ्यावं. नुसता निश्चय टिकत नाही, ‘जर-तर’च्या रूपातला निश्चय जास्त टिकतो. ‘आता मन लावून लिहीन’ हा नुसता निश्चय. ‘जर मागचं वाक्य खोडावंसं वाटलं, तर ळळळ लिहून पुढचं वाक्य सुरू करीन’ हा जर-तरचा. मोहाच्या क्षणी विचार करायला वेळ नसतो, म्हणून उत्तर आधीच तयार ठेवायचं.

नागपूरकरांना जागा आणि वेळेची अडचण वेगळीच आहे. एप्रिल-मेमध्ये पारा पंचेचाळीसकडे सरकतो, दुपारी कूलरचा आवाज आणि डोकं जड. या दिवसांत दुपारी लिहिण्याचा हट्ट धरून स्वतःला आळशी ठरवू नये. पहाटे पाच ते आठ ही वेळ सोन्यासारखी असते. दोन खोल्यांच्या घरात पाच माणसं असतील तर जवळच्या अभ्यासिकेत जावं. शेजारी स्पर्धा परीक्षेची मुलं मान खाली घालून बसलेली असली की आपलंही मन बसतं.

रोज थोडं की सुचेल तेव्हा भरपूर? रॉबर्ट बॉइस यांनी १९८३ मध्ये २७ प्राध्यापकांवर केलेल्या अभ्यासात, ठरलेल्या वेळी बसून लिहायला भाग पाडलेल्या गटाने मनाला येईल तेव्हा लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त लिहिलं. हे अपेक्षितच. पण नव्या कल्पनाही त्याच गटाला जास्त सुचल्या. सुचण्याची वाट बघत बसणाऱ्यांनी या निकालाकडे गंभीरपणे बघावं असं मला वाटतं.

स्वतःशी बोलण्याची रीत

“पण मॅडम, मी स्वतःला असं मोकळं सोडलं तर मी ढिली पडेन. मला कुणीतरी बोलणारं पाहिजे.” ही भीती मी वारंवार ऐकते आणि ती प्रामाणिक असते. आपल्यापैकी पुष्कळांना छडीखालीच शिकवलं गेलं, म्हणून छडीशिवाय शिकता येतं यावर विश्वास बसत नाही.

जुलियाना ब्राइन्स आणि सेरेना चेन यांचे २०१२ मधले प्रयोग इथे उपयोगी आहेत. एका प्रयोगात विद्यार्थ्यांना शब्दसंग्रहाची कठीण चाचणी दिली, जीत ते कमी पडले. मग एका गटाला स्वतःकडे समजूतदारपणे बघायला सांगितलं. हे अवघड होतं, बऱ्याच जणांना जमत नाही, स्वतःला फार बोल लावू नका, अशा धर्तीवर. पुढच्या चाचणीआधी त्या गटातल्या मुलांनी इतरांपेक्षा जास्त वेळ अभ्यास केला. समजुतीने वागवलेलं मन ढिलं पडलं नाही, ते पुन्हा कामाला बसलं. याचं कारण मला असं दिसतं की जे बघायची लाज वाटते ते माणूस उघडून बघत नाही. ज्या फाइलची धास्ती वाटते ती फाइल उघडलीच जात नाही आणि न उघडलेल्या फाइलमध्ये सुधारणा होत नाही.

म्हणून बोलायचंच तर वाक्याबद्दल बोलावं, माणसाबद्दल बोलू नये. ‘हा परिच्छेद पसरट झाला’ यातून पुढे काय करायचं ते कळतं. ‘मला लिहिताच येत नाही’ यातून काहीच कळत नाही. आणि मनातला आवाज लेखापुरता न राहता आपल्या असण्याबद्दलच बोलायला लागला, झोप-जेवण बिघडायला लागलं, तर तो लिहिण्याचा प्रश्न राहिलेला नसतो. तेव्हा समुपदेशकाशी बोलावं. १४४१६ हा टेलि-मानसचा शासकीय क्रमांक त्यासाठीच आहे.

परीक्षकाला परत बोलावणं

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नागपुरात मारबत निघते. ‘इडा पिडा घेऊन जा गे मारबत’ असं ओरडत सगळी रोगराई, सगळं अमंगळ शहराबाहेर घालवायचं. मनातल्या टीकाकारालाही असंच कायमचं हाकलून द्या, असा सल्ला पुष्कळ जण देतात. मला तो मान्य नाही. ज्याला चांगलं-वाईट कळतं तोच टीका करतो. त्या मुलीला पहिली ओळ खटकत होती, कारण तिला चांगला लेख कसा असतो ते ठाऊक होतं. ही जाण वर्षानुवर्षं वाचून आलेली आहे. तिला मारबतीसोबत पाठवायचं नाही. तिला फक्त अंगणात बसवायचं आणि वेळ झाली की आत बोलवायचं.

वेळ कधी होते? खर्डा शेवटापर्यंत पोचल्यावर, आणि मध्ये निदान एक रात्र गेल्यावर. लांब प्रबंधाला आठवडा द्यावा. मग परीक्षकालाही एकदम सगळं देऊ नये. पहिल्या वाचनात एकच प्रश्न, मला जे सांगायचं होतं ते यात आलं का? दुसऱ्यात क्रम बघावा, काय आधी, काय नंतर, काय नकोच. तिसऱ्यात वाक्यं, आणि ती मोठ्याने वाचून. जिभेला जिथे ठेच लागते तिथे वाचकालाही लागते, हे मी शेकडो मसुद्यांत पाहिलं आहे. ते अठरा नियम सगळ्यांत शेवटी. उलट्या क्रमाने गेलं, म्हणजे आधी ऱ्हस्व-दीर्घ आणि मग रचना, की तासभर शुद्ध केलेला परिच्छेद पुढे काढूनच टाकावा लागतो. किंवा, त्याहून वाईट, त्यावर घेतलेल्या मेहनतीपायी तो काढवत नाही.

त्या मुलीचा खर्डा अकरा दिवसांत संपला. तिने फाइलमध्ये ळळळ शोधलं तेव्हा तेवीस जागा निघाल्या. पहिली जागा ताण किती दिवसांचा, ही होती. तिने काकाला फोन लावला. तिला एक आकडा हवा होता, तो लिहून पुढे जायचं होतं. काका म्हणाले, “असा एक आकडा नसतो बाई. जमीन पाह्यली पाहिजे. हलकी असली तर झाड लवकर सुकते, भारी काळी असली तर जास्त दिवस धरते. तुह्या आजोबाले पानं पाहून समजे.” मग अर्धा तास ते जमिनीबद्दल बोलत राहिले, कोणत्या कोपऱ्यात मुरूम, कोणत्या कोपऱ्यात काळी, आणि आजोबा कोणत्या झाडापाशी उभं राहून पानं बघायचे. त्या जागी आता आकडा नाही, दीड पान आहे. लेखाची सुरुवातही तिने तिथूनच केली. जुन्या अकरा ओळींपैकी एक ओळ तेवढी राहिली आहे, शेवटून तिसऱ्या परिच्छेदात, आणि तिथे ती चांगली बसली आहे.